१० बाय १० च्या खणात २० डुकरं? हिशोब मांडा

तापीकाठ:
काल इथे कोणीतरी लिहिलं, "डुकराला जागा लागत नाही. १० बाय १० मध्ये २० बसतात, फिरलं की वजन उतरतं." नवीन माणूस हे वाचून शेड बांधेल, म्हणून लिहितोय. १०० चौरस फुटांत २० म्हणजे एकाला ५. पन्नास किलोपर्यंत ते भागतं. ९० किलोच्या यॉर्कशायर जातीच्या डुकराला वाढ टिकवायला निदान सव्वासात चौरस फूट लागतात. त्याखाली गेलात की दुबळी जनावरं गव्हाणीशी पोचत नाहीत, खुराक कमी जातो, रोजची वाढ घटते. फिरण्याचा इथे संबंधच नाही. आपल्याकडच्या शिफारशीत तर छताखाली ०.९ ते १.२ चौरस मीटर (साधारण पावणेदहा ते तेरा चौरस फूट) आणि तेवढंच उघडं अंगण धरलंय.

शेडवाला:
मीच लिहिलं होतं, आजही तेच म्हणतो. तुम्ही एका डुकराची वाढ मोजता, मी खणातून किती किलो निघाले ते मोजतो. दाटीत एकेक हलकं भरतं, पण खणाचं एकूण वजन जास्तच. सिमेंट, पत्र्याचे पैसे कोण भरणार?

तापीकाठ:
एकूण वजन वाढतं, हे नाकारत नाही. पण लॉट एकसारखा निघत नाही. काही ९० ला, काही ६५ ला. मागे राहिलेल्यांनी खण अडवला तर पुढची पिल्लं कुठे घालणार? त्यात शेपट्या चावायला लागली की जखमेतला पू मणक्यात चढतो आणि मागचे पाय जातात.

केळीपट्टा:
शेपट्यांचं खापर नुसतं जागेवर फोडू नका. उकरायला काही नसलं तरी चावतात. केळीचा खांब चिरून टाका, गुंततात.

भुसावळचं_ऊन:
तुम्ही सगळे मे महिना विसरलात, राग येतो तो याचाच! डुकराला घाम येत नाही. गारव्यात ती एकमेकांना चिकटून बसतात, ४५ अंशांत अंग न लावता आडवी पसरतात. ९० किलोचं जनावर पूर्ण आडवं व्हायला दहा चौरस फूट घेतं. जागा नसली की शेणातच लोळतात.

शेडवाला:
फॉगर, म्हणजे धुक्यासारखा बारीक फवारा, लावला की झालं.

भुसावळचं_ऊन:
नाही झालं! एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फॉगर चालतो. जूनमध्ये ढग आले की तोच हवा दमट, कोंदट करतो. त्यापेक्षा दर पंधरा-वीस मिनिटांनी एक-दोन मिनिटं अंग भिजवा, मग पंख्याखाली वाळू द्या. आणि छतावरची काळी टाकी? दुपारी निप्पलमधून, म्हणजे डुकरं चोखून पितात त्या तोटीतून, कढत पाणी येतं, डुक्कर पीत नाही, पाणी तुटलं की खुराकही सोडतं. पाइप जमिनीत गाडा, टाकीवर सावली करा. दहा डुकरांना एक निप्पल, मिनिटाला एक लिटर तरी भरलं पाहिजे. बाटली लावून मोजा.

केळीपट्टा:
शेड पूर्व-पश्चिम लांब ठेवा, पत्र्याला चुना मारा. हे जागेआधीचं काम.

भुसावळचं_ऊन:
आधीचं नाही, सोबतचं. चुन्याने जागा वाढत नाही.

शेडवाला:
बरं, २० नाही. १४ ठेवतो. एकाला दहा फूट धरून दहाच ठेवणं परवडत नाही, कितीही ओरडा.

तापीकाठ:
१४ ठेवायची तर ८५ किलोला विका आणि गव्हाण खणाबाहेर काढा, ती १०० फुटांत धरू नका. उन्हाळी लॉटला मात्र १४ सुद्धा जास्त.

शेडवाला:
उन्हाळ्यात ६० किलोलाच काढेन.