मेयर्सची बगी नकलांनी बुडवली की त्याने स्वतः?

साचेवाला: कालच्या डून बगीच्या (वाळूत पळवायच्या उघड्या छोट्या गाडीच्या) चर्चेत एकाने लिहिलं, "मेयर्सला धंदा जमला नाही, उगाच नकलांच्या नावाने गळा काढतात." राहवलं नाही म्हणून लिहितोय. ब्रूस मेयर्स कॅलिफोर्नियातला होड्या बांधणारा. १९६४ मध्ये न्यूपोर्ट बीचला त्याने फायबरची मेयर्स मँक्स घडवली. पुढे फोक्सवॅगनच्या बीटल गाडीचा तळ सव्वाचौदा इंच कापून त्यावर बसणारं बॉडीचं किट विकू लागला. १९६७ ची पहिली मेक्सिकन १००० ही वाळवंटातली शर्यत मँक्सनेच मारली, २७ तास ३८ मिनिटांत. मग नकलांचा पूर आला. त्याच्या बग्या सहा हजारांच्या आसपास, नकला अडीच लाखांच्या घरात. पेटंट कोर्टात टिकलं नाही आणि १९७१ ला कंपनीला कुलूप. यात त्याचं काय चुकलं?

बीटलप्रेमी: ते मीच लिहिलं होतं. सुरुवातीच्या १२ बग्यांना अख्खी फायबरची मोनोकॉक (वेगळा सांगाडा नसलेली) बॉडी, किट ९९५ डॉलरला, आणि तरी त्याला परवडत नव्हतं. तेव्हा कुठे होते नकलवाले? तयार बॉडीला मेण चोळून कोणीही वरून साचा घेऊ शकतो, हे होडीवाल्याला माहीत नव्हतं?

पेणची सून: घेऊ शकतो म्हणून घ्यायचा? आमचा गणपतीचा कारखाना आहे. एकाने आमच्याकडून एकच मूर्ती नेली. पुढच्या वर्षी त्याच्या मांडवात तीच मूर्ती, ओळीने. सासऱ्यांच्या अंगठ्याचा ठसा चुकून उजव्या कानामागे राहिला होता, तोसुद्धा प्रत्येकीवर जसाच्या तसा!

बीटलप्रेमी: गाड्यांच्या चर्चेत गणपती कुठून आला? आणि ताई, "अमक्या मंडळासारखीच मूर्ती हवी" म्हणणारं गिऱ्हाईक तुम्ही परत पाठवता का?

पेणची सून: नाही पाठवत. पण बघून, माती मळून, हाताने घडवतो. त्यात चुका होतात त्या आमच्या असतात. रबर ओतून दुसऱ्याचे कष्ट उचलत नाही. हा फरक कळत नसेल तर बोलूच नका.

मिरकरवाडा: ताईंचं बरोबर आहे. मी फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. उचललेल्या साच्यातली होडी बोटाने ठोकली तरी कळते. मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, थर वाचवलेले असतात, आवाज पोकळ येतो. गेल्या पावसाळ्यात अशीच एक तळाला फाटून आली, आत रेझिन (थर चिकटवणारा राळेसारखा द्रव) धड भिनलंच नव्हतं. शिव्या मात्र मूळ साचा करणाऱ्याला.

बीटलप्रेमी: बरं, साचा उचलणं ही चोरीच, घ्या. पण मेयर्स १९७० मध्येच कंपनी सोडून गेला होता, कुलूप नंतर लागलं. मालकच उठून गेला तर कंपनी कोण चालवणार? हे मी मागे घेणार नाही.

साचेवाला: अहो, का उठून गेला ते बघा ना! स्वतःचीच गाडी दुसऱ्यांच्या नावाने गल्लोगल्ली विकलेली बघत कोण बसेल? ताई, त्या मूर्तीचं पुढे काय केलंत?

पेणची सून: सासऱ्यांनी त्या मूर्तीच्या आमच्याच साच्याचे सुरीने तुकडे केले. ती मूर्ती आम्ही परत काढली नाही. तो माणूस अजून काढतो.