ह्यूमच्या ‘इंप्रेशन’ला ‘संस्कार’ म्हणावं का?

प्रश्न : डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञावरच्या एका मराठी लेखात ‘सर्व कल्पना संस्कारांतून येतात’ असं वाचलं. संस्कार म्हणजे शुभंकरोतीवाले? की मुंजीतले?

उत्तर : दोन्ही नाहीत. ह्यूमचा शब्द ‘इंप्रेशन’. तव्याला बोट लागतं तेव्हाचा चटका हे इंप्रेशन. संध्याकाळी तोच चटका आठवला की ती ‘आयडिया’, म्हणजे कल्पना. पहिलं ताजं, झणझणीत. दुसरी त्याची फिकी नक्कल. अननस चाखल्याशिवाय त्याच्या चवीची नीट कल्पना येत नाही, हे १७३९ च्या ग्रंथातलं त्याचंच उदाहरण.

आता आपला ‘संस्कार’ बघा. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कपरंपरेत, तो अनुभवानंतर मागे उरतो आणि त्यातून आठवण जागी होते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात स्मृतीची व्याख्याच ‘संस्कारमात्रजन्यं ज्ञानं स्मृतिः’ (केवळ संस्कारातून उपजणारं ज्ञान म्हणजे स्मृती) अशी आहे. म्हणजे ह्यूमच्या लेखी जे सगळ्यांत आधीचं, त्याला आपण मागाहून उरणाऱ्याचं नाव देऊन बसलो.

– मग सरळ ‘ठसा’ म्हणा की.

– बरा आहे, पण ठसा म्हटलं की उमटवणारा कोण, हे आलंच. ह्यूमने तळटीप घालून ते टाळलंय : इंप्रेशन मनात कसं उमटतं याविषयी या शब्दातून काही सुचवायचं नाही. मी स्वतः ‘संवेदन’ लिहितो. त्याच्या इंप्रेशनमध्ये राग-लोभही येतात, तिथे तेही तोकडं पडतं, हे कबूल.

‘संस्कार’चा खरा घोटाळा पुढेच आहे. बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो, दुसरा घरंगळतो. दोन्ही हालचाली दिसतात, पण ‘त्याच्यामुळे’ हे कुठे दिसतं? ह्यूम म्हणतो, या ‘मुळे’चं इंप्रेशन दाखवा. चेंडूंत ते सापडत नाही. सापडतं ते तेच तेच पाहून मनाला लागलेलं वळण. अशा वळणाला मराठी माणूस काय म्हणेल? संस्कारच! म्हणजे वाक्य होणार, ‘कार्यकारणाचा संस्कार चेंडूंत नाही, तो आपल्यावर झालेला संस्कार आहे.’ लिहा परीक्षेत आणि बघा.

– या हिशेबाने ‘कल्पना’ही चुकीचीच. आपण ‘कल्पना’ म्हणतो ते मनाने रचलेलं. ही तर नक्कल.

– आधी मलाही तसंच वाटायचं. पण वर ‘चवीची नीट कल्पना येत नाही’ लिहिलं, तिथे तुम्ही अडखळला नाहीत ना?