नवी गाडी, पाच जॉबकार्ड आणि खंबाटकीचा चढ: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-304:
नमस्कार मंडळी. मेसेज मोठा आहे, पण कृपया पूर्ण वाचा. दसऱ्याला आम्ही पांढरी ऑटोमॅटिक गाडी घेतली, तुम्ही सगळ्यांनी पेढे खाल्लेत. ऑन रोड साडेचौदा लाख. त्यात सासऱ्यांच्या रिटायरमेंटचे चार लाख आहेत. आज सात महिने झाले, गाडी फक्त 8,600 किलोमीटर चालली आहे आणि पाच वेळा वर्कशॉपला जाऊन आली आहे. एकूण 41 दिवस ती तिथेच होती.

काल साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरला जाईचना. डिस्प्लेवर गिअरबॉक्सची खूण आली आणि पिकअप गेला. मागे ट्रकची रांग. ह्यांनी कशीबशी डावीकडे घेतली. 76 वर्षांचे सासरे खाली उतरून चाकाला दगड लावत होते, ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाहीये. दहा मिनिटांनी गाडी आपोआप नीट सुरू झाली.

वर्कशॉपवाले म्हणतात, स्कॅनरवर काही दिसत नाही, ह्या गाड्या अशाच असतात. आधी सॉफ्टवेअर टाकलं, मग क्लच ॲडजस्ट केला, मग क्लच बदलला. दोष तसाच आहे. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा, काय करू?

बी-405:
वहिनी, वाचूनच अंगावर काटा आला. सगळे सुखरूप आहात ना?

ए-304:
हो, सुखरूप. सासूबाई मात्र आता गाडीत बसायला तयार नाहीत.

डी-203:
सरळ व्हिडिओ करून टाका सगळीकडे. नाहीतर शोरूमसमोर गाढवं जुंपून गाडी ओढत न्या, लोक करतात तसं. लगेच धावत येतील.

सी-601:
दादा, राग समजतो. पण ताई, एवढ्यात काही पोस्ट करू नका. तुम्ही लिहिलेला एखादा शब्द पुढे तुमच्याच विरोधात दाखवला जातो. आधी एक सांगा, पाचही जॉबकार्ड, म्हणजे गाडी वर्कशॉपला देताना तक्रार लिहून मिळणारे कागद, जपून ठेवली आहेत का? आणि त्यांवर तक्रारीच्या रकान्यात नेमकं काय लिहिलंय?

ए-304:
आता फाइल काढून बघितली. दोनवर "गिअर झटका" आहे. बाकी तीनवर "जनरल चेकअप" लिहिलंय. मी तर प्रत्येक वेळी सगळं तोंडी सांगितलं होतं हो!

सी-601:
इथेच आपण सगळे फसतो. मी ग्राहक आयोगात केसेस चालवते, म्हणून कळकळीने सांगते. तुम्ही पाच वेळा गेलात, पण कागदावर तक्रार दोनदाच आहे. समोरचा वकील म्हणेल, बाकी तीन वेळा बाई सर्व्हिसिंगला आल्या होत्या. काउंटरवरचा मुलगा घाईत असतो, तो त्याच्या शब्दांत लिहितो आणि आपण न वाचता सही करतो. यापुढे तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: कुठे झाली, वेग किती होता, चढ होता का, इंजिन गरम होतं की थंड. गाडी परत घेताना समाधान झाल्याच्या कागदावरही सही करायला लावतात. तिथे हाताने लिहा, "चालवून पाहिल्यानंतरच खात्री होईल."

बी-102 काका:
पोरी, मी दापोडीच्या एसटी वर्कशॉपात 31 वर्षं काढली. आमच्या काळात असले गिअरबॉक्स नव्हते, पण मुलाच्या गाडीमुळे अभ्यास केलाय. तुझ्या गाडीसारख्या गिअरबॉक्समध्ये दोन कोरडे क्लच असतात. एकावर पहिला, तिसरा, पाचवा गिअर आणि दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. कोरड्या क्लचला तेल नसतं, तो नुसत्या हवेवर थंड होतो. चढावर गाडी रांगत राहिली की तो घसरून तापतो, मग कॉम्प्युटर त्याला वाचवायला ताकद तोडतो. मे महिना, घाट, ट्रकची रांग. वर्कशॉपवाले तेच सांगून हात झटकतील. म्हणून विचारतो, थंड गाडीला कधी असं झालंय का?

ए-304:
हो काका! परवा रविवारी सकाळी आपल्या बेसमेंटच्या रॅम्पवर. सुरू करून दोन मिनिटंही झाली नव्हती.

बी-102 काका:
मग ते तापण्याचं कारण बाजूला पडलं. रॅम्पवरचं प्रकरण आधी लिहून काढ, तारखेसकट. आणि झटका फक्त दुसऱ्यालाच बसतो का?

ए-304:
कधीकधी चौथ्यालाही. तिसऱ्याला कधीच नाही.

बी-102 काका:
दोन्ही एकाच क्लचवरचे. हे त्यांना सांग, मग "अशाच असतात" म्हणणार नाहीत. क्लच बदलूनही दोष राहिला म्हणजे क्लच हलवणाऱ्या यंत्रणेत बघायला हवं. आणखी एक. एरर पुसण्याआधी स्कॅनचा प्रिंट माग. पुसल्यावर काय उरणार? नवऱ्यालाही सांग, चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवू नका, ब्रेक लावा. त्याने क्लच खरंच जळतो आणि वर्कशॉपवाल्यांना बोट दाखवायला जागा मिळते.

ए-107:
वहिनी, चॅसी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल आहे का, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावल्यात का, तेही बघा. आणि बाहेरून म्युझिक सिस्टिम किंवा लाइट बसवताना वायर कापली असेल तर आधीच सांगा, वॉरंटी नाकारायला तेवढं पुरतं.

ए-304:
काही बसवलेलं नाही. रिकॉलही दिसत नाही. ॲडव्होकेट ताई, मग गाडी बदलून मागता येईल का? आम्हाला तेच हवंय.

सी-601:
मागा, पण आशा तेवढ्यावरच ठेवू नका. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने एका नव्या गाडीच्या क्लचच्या प्रकरणात अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला होता. कारण वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं एवढंच लिहिलेलं होतं. गाडी किंवा पूर्ण पैसे मिळवायचे तर दोष मुळातलाच आहे हे तज्ज्ञाच्या तपासणीने सिद्ध करावं लागतं. आयोग तशी तपासणी करून घेऊ शकतो.

पण भिऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे पुण्यातच. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुमच्या रकमेला फी 400 रुपये. वकील लागतोच असं नाही. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करायचं, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवतात. मुदत दोन वर्षं, पण तेवढी वाट पाहू नका. गाडी 40 हजार चालली की विचारतात, सदोष होती तर चालली कशी?

त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. बऱ्याच कंपन्या तिथूनच हलतात. सोबत कंपनीला मेल, त्यात सर्व्हिस इंजिनिअरबरोबर चाचणीची मागणी. नाही जमलं तर स्पीड पोस्टाने नोटीस, आणि मग ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार.

ए-304:
मेल पाठवला. 1915 चा नंबरही मिळाला. शनिवारी सकाळी सातला इंजिनिअर येतोय. काका, तुम्ही बसाल का गाडीत?

बी-102 काका:
साडेसहाला खाली येतो. कात्रजच्या जुन्या घाटात नेऊ. तिथे वळणं आहेत, चढ आहे, आणि सकाळी गर्दी नसते.

(शनिवार)

ए-304:
घाटातल्या दुसऱ्याच वळणावर झालं. इंजिनिअर स्वतः चालवत होता. एक शब्द बोलला नाही, गाडी बाजूला घेतली आणि लॅपटॉप जोडला. काकांनी तिथेच प्रिंटचा आग्रह धरला. प्रिंट नव्हता, पण स्क्रीनचा फोटो काढू दिला.

वर्कशॉपमध्ये जॉबकार्ड आलं, तर रकान्यात परत "जनरल चेकअप". मी सही केली नाही. नवं काढायला लावलं. आता लिहिलंय: "चढावर व सपाट रस्त्यावर, थंड व गरम दोन्ही स्थितीत दुसरा व चौथा गिअर पडत नाही. कंपनीच्या इंजिनिअरसमोर दोष दिसला." खाली त्याची सही आहे. सासऱ्यांनी घरी आल्यावर तो कागद दोनदा वाचला.

पार्ट मागवतोय म्हणाले. किती दिवस लागतील ते लिहून द्यायला तयार नाहीत, तोवर वापरायला दुसरी गाडीही दिली नाही. ॲडव्होकेट ताई, नोटीस थांबवू का?

सी-601:
थांबवू नका. पार्ट येऊ दे, नोटीसही जाऊ दे. रात्री मसुदा देते.