हर्डी-गर्डी: ताल पेडलवर सोपवला तर मनगटाने काय करायचं?

दऱ्याखोऱ्या (धागाकर्ता)

गेली तीन वर्षं मी फ्रान्समध्ये क्लेरमों-फेराँला राहतो आणि संध्याकाळच्या एका वर्गात व्हिएल शिकतो. इंग्रजीत हर्डी-गर्डी म्हणतात ते हेच वाद्य. त्या नावाने बऱ्याच जणांना रस्त्यावरची पेटी आठवते, दांडा फिरवला की ठरलेलं गाणं वाजवणारी. ती वेगळी. व्हिएलमध्ये आपोआप काहीच वाजत नाही. उजव्या हाताने दांडा फिरवायचा, म्हणजे राळ लावलेलं लाकडी चाक फिरतं आणि गज घासावा तसं सगळ्या तारांना एकदम घासतं. डाव्या हाताने पट्ट्या दाबल्या की आतल्या लाकडी खुंट्या सुरावटीच्या तारांना टेकतात. पट्टीला स्प्रिंग नसते. वाद्य मांडीवर थोडं कललेलं असतं, त्यामुळे बोट उचललं की पट्टी स्वतःच्या वजनाने खाली येते. उरलेल्या तारा आपल्या तंबोऱ्यासारखा आधार धरून असतात.

आता मुद्द्याची गोष्ट. आधाराच्या एका तारेखालची घोडी पक्की बसवलेली नसते, तिचा एक पाय मोकळा असतो. मनगटाने चाकाला हिसका दिला की तो पाय तबलीवर थरथरतो आणि 'झर्र' उठतं. आपण घोडी म्हणतो, फ्रेंच लोक या तुकड्याला 'शियाँ' म्हणजे कुत्रा म्हणतात. चाकाच्या एका फेऱ्यात दोन, तीन, चार, सहा असे हिसके बसवायला शिकण्यातच माझी पहिली दोन वर्षं गेली. वाद्याचा ताल तिथे आहे. वेगळा तबलजी लागत नाही.

मागच्या महिन्यात जवळच्या गावात नाचाची संध्याकाळ होती. एक तरुण वादक इलेक्ट्रिक व्हिएल घेऊन आला होता, पायाशी पेडलांची रांग. त्याने चार आवर्तनांचे हिसके लूपमध्ये, म्हणजे भरलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या पेडलमध्ये, भरून घेतले आणि मग चाक अगदी सपाट फिरवत वरून सुरावट वाजवली. आवाज भरदार होता, मुलगा तयारीचा होता. पण तिसऱ्या बुरेला गडबड झाली. बुरे हा इकडचा नाच, आमच्या ओव्हेर्न्या प्रांतात तीन मात्रांचा, शेजारच्या बेरीत दोन मात्रांचा. वयस्क जोड्या वळण घेताना किंचित रेंगाळतात. वादक समोर बसलेला असतो, त्याला पाय दिसतात, तो हिसका तेवढाच लांबवतो. लूप थांबला नाही. पाय चुकले आणि निम्मी माणसं बाकांवर जाऊन बसली.

वीज नको, पेडल नको असं माझं म्हणणं नाही. पण ज्या दिवशी मनगट तालातून सुटतं त्या दिवशी ते वाद्य व्हिएल राहत नाही, असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत सांगा.

साउंडचेक

पुण्यात ध्वनिसंयोजनाचं काम करतो. हे वाद्य मला एलुव्हेटी या स्विस फोक-मेटल बँडमुळे कळलं, तेव्हा माझी बाजू उघड आहे.

एका रात्रीचा अनुभव तुम्ही वाद्यावर का ढकलता? तो वादक नाचासाठी चुकीचा पर्याय घेऊन बसला, इतकंच. मंचावरचं गणित वेगळं असतं. ड्रमसेटसमोर साधी व्हिएल तिसऱ्या रांगेतही पोचत नाही. माइक ठेवला तर चाकाची घरघर, पट्ट्यांची खटखट, शेजारचे ड्रम सगळं आत येतं. घोडीखाली पिकअप (कंपन थेट पकडून विजेच्या आवाजात बदलणारा तुकडा) बसवला तर निदान झंकार तरी स्वच्छ मिळतो. विजेशिवाय हे वाद्य मोठ्या मंचावर गेलंच नसतं आणि माझ्यासारख्या पुण्यातल्या माणसाला ते कळलंही नसतं. गावच्या नाचापुरतं ठेवलं तर नाचणारे म्हातारे होतील तसं तेही होईल.

खर्ज

'व्हिएल राहत नाही' हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. कोणती व्हिएल?

बाराव्या शतकातलं तिचं रूप ऑर्गॅनिस्ट्रम. सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या महाद्वारावर ११८८ च्या सुमाराला कोरलेलं आजही दिसतं: दोन माणसं, मध्ये आडवं वाद्य, एकजण दांडा फिरवतोय, दुसरा सूर काढतोय. तिथे तुमचा हिसका कुठे आहे? पुढे ती आंधळ्या भिकाऱ्यांच्या हाती गेली. अठराव्या शतकात व्हर्सायचा कारागीर आंरी बातों याने १७१६ च्या सुमाराला जुन्या गिटारींच्या आणि नंतर ल्यूटच्या सांगाड्यांवर व्हिएल बसवली, तिचा आवाज गोड केला, आणि दरबारी स्त्रिया ती शिकू लागल्या. मागणी इतकी वाढली की निकोला शेदविल याने १७३७ मध्ये स्वतःच्या सोनाटा विवाल्दीच्या नावावर खपवल्या आणि त्यात वाजवायच्या वाद्यांत व्हिएलही घातली. तुम्ही ज्याला परंपरा म्हणता त्या गावच्या व्हिएलीचा घाटसुद्धा या दरबारी सुधारणेतून आला. एकोणिसाव्या शतकात जांझा गावच्या पाजो घराण्याने तोच घाट खेड्यापाड्यांत पोचवला.

म्हणजे परंपरेच्या नावाने तुम्ही राखताय ती तीनशे वर्षांपूर्वीची नवी गोष्ट. फ्रेंच वादक व्हालांतँ क्लास्त्रिए यांनी २७ तारांची इलेक्ट्रो-अकूस्टिक व्हिएल वाजवली, ती बातोंच्याच रांगेतली. त्यांचं वादन नाचासाठी नाही. मी ते अंधारात बसून ऐकलं आहे आणि त्याच चाकातून इतका राग, इतकं दुःख निघू शकतं हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

जोडतार

वादात पडण्याआधी एक विचारते. माझ्या घरी आजीचा तंबोरा आहे, जवारीचा, म्हणजे तारेचा झंकार खुलवणारा, दोरा मी स्वतः सरकवते. व्हिएलच्या तारांना कापूस गुंडाळतात असं वाचलं, ते जवारीसाठी का? आणि आधार सतत चालू असेल तर पट्ट्यांचे सूर त्याच्याशी जुळवतात कसे? पेटीसारखे ठरलेलेच असतात का?

दऱ्याखोऱ्या

@जोडतार, कापूस चाक आणि तार यांच्या मध्ये येतो. जास्त झाला तर आवाज दबतो, कमी झाला तर तार किंचाळते. पावसाळी हवेत मी वाजवण्यापेक्षा कापूस बदलण्यातच जास्त वेळ घालवतो. जवारीला जवळचं म्हणावं असं दुसरंच आहे: कुत्र्याच्या तारेला एक बारीक दोरी बांधून ती खुंटीने ताणतात. खुंटी केसभर फिरवली की झंकार लवकर उठतो किंवा उशिरा. तुमचा दोरा सरकवण्याचं काम आणि हे, दोन्हीत कान तसाच लावावा लागतो.

सुरांचं तुम्ही फार नेमकं विचारलंत. पेटीसारखे ठरलेले नसतात. पट्टीवरची प्रत्येक खुंटी स्वतःभोवती थोडी फिरते, त्यामुळे प्रत्येक सूर आधाराशी लावून घेता येतो. समान अंतराच्या पाश्चात्त्य सप्तकातला गंधार शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. एरवी कानाला खपतो, पण खाली षड्ज-पंचम अखंड चालू असताना तो थरथरतो. आमच्या बाई पहिल्याच दिवशी गंधाराची खुंटी माझ्याकडून फिरवून घेत होत्या. थरथर थांबून सूर आधारात विरघळला तेव्हा मला घरचा तंबोरा आठवला, त्यात न छेडताच ऐकू येणारा गंधार आठवला. परक्या गावात पहिल्यांदा बरं वाटलं ते तेव्हा.

@खर्ज, इतिहास मान्य. ऑर्गॅनिस्ट्रमला हिसका नव्हता हेही मान्य. पण बातोंनी वाद्याचा सांगाडा बदलला, वादकाचं काम त्याच्याकडून काढून घेतलं नाही. उलट त्या शतकातल्या छापील शिकवण्यांत मनगटाच्या हिसक्यांवर पानंच्या पानं आहेत. लूप ते काम काढून घेतो. माझी तक्रार तेवढीच आहे.

साउंडचेक

गंधाराबद्दल: बँडमध्ये कीबोर्ड आणि गिटार असेल तर तुमची शुद्ध खुंटी बेसूर ठरते. सगळ्यांनी एका सप्तकात यावंच लागतं.

जोडतार

हे वाक्य आपल्याकडे ऐकून झालं आहे. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. कारणं दोन सांगितली जात: पेटीत मींड नाही आणि तिचे सूर समान सप्तकातले, आपल्या श्रुतींना न जुळणारे. बंदी मला चूकच वाटते. आमच्याकडे नाट्यसंगीत पेटीशिवाय उभंच राहिलं नसतं, गोविंदराव टेंबे पेटीवरच वाढले. पण तक्रारीतला सुराचा भाग खोटा नव्हता. त्याचं उत्तर बंदीत नव्हतं, घडवणाऱ्याच्या हातात होतं. डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी केली ती याच कारणासाठी. नवं वाद्य जुन्या सुराकडे परत नेऊ शकतं.

आणि व्हिएलला तर ती सोय आधीपासूनच आहे! सूर फिरवता येणारी खुंटी हाताशी असताना कीबोर्डसाठी गंधार चढवून ठेवायचा हा बदल मला पुढे नेणारा वाटत नाही. कीबोर्डवाल्याने गंधार सोडून वाजवावं.

निशिगंध

पेटीचं ठीक, पण तुम्ही सगळे फ्रान्सच्या नकाशातच फिरताय. युक्रेनमध्ये याच जातीचं वाद्य 'लिरा'. वाजवणारे लिरनिक बहुतेक आंधळे, त्यांचे संघ होते, शिष्याला वर्षानुवर्षं गुरूजवळ राहावं लागे. धार्मिक पदं गात गावोगाव फिरायचे. तिथे सहसा कुत्रा नसतो, झंकार नाही, आधार आणि त्यावर गाणं. सोव्हिएत सत्तेने १९३० च्या दशकात ही माणसंच संपवत आणली. वाद्यं संग्रहालयात उरली, कुणी पुढे ती पुन्हा घडवली.

तिथे कुणी मूळ पद्धत घट्ट धरून वाजवतो तेव्हा त्याला जुनाट म्हणायची माझी हिंमत नाही. जे मोडलं गेलं ते आधी जसं होतं तसं उभं करणं हेच तिथलं धाडस आहे. आणि धागाकर्त्यांना एक: मनगटाचा हिसका म्हणजेच हे वाद्य, असं म्हणालात तर लिरनिक तुमच्या व्याख्येबाहेर जातात. ते मला सोसणार नाही.

दऱ्याखोऱ्या

निशिगंध, हे मी लिहिताना डोक्यात आणलंच नव्हतं. वाक्य मागे घेतो. ओव्हेर्न्यातल्या नाचाच्या व्हिएलबद्दल बोलत होतो, तेवढंच धरा.

पायरव

तुम्ही सगळे वाजवणारे किंवा ऐकणारे. मी नाचते. लिमोजला दोन वर्षं होते, दर पंधरवड्याला नाचायला जायचे.

मला लूपवर नाचायला आवडलं आहे. अंग गरम झालेलं असतं, रात्री अकरानंतर न थकणारा ताल हवा असतो, आणि पंचविशीतली पोरं त्याच आवाजाने आत येतात. धागाकर्त्यांचं तरीही एक खरं आहे. पहिल्या तासाला, नवखी माणसं पावलं शोधत असतात तेव्हा, मला समोर बघणारा वादक लागतो. एका आजोबांबरोबर नाचत होते, त्यांचा गुडघा दुखत होता. वादकाने ते पाहिलं, वळणावर हिसका क्षणभर उशिरा दिला आणि आजोबा वेळेवर पोचले. कुणालाच कळलं नाही. मला कळलं कारण माझा हात त्यांच्या हातात होता.

खर्ज

पायरव, या प्रसंगाने मला गप्प केलं. तरी क्लास्त्रिएंबद्दलचं मत कायम. नाचाच्या व्हिएलला नाचाचे नियम लागू, बैठकीच्या व्हिएलला नाहीत. ऑस्ट्रियाचे माथियास लोइब्नर यांनी शुबर्टची १८२७ ची हिवाळी प्रवासाची गीतमाला गायिकेबरोबर व्हिएलवर वाजवली आहे. त्या मालेच्या शेवटच्या गाण्यात गावाबाहेर बर्फात उभा असलेला व्हिएलवालाच आहे, आणि शुबर्टने पियानोच्या डाव्या हाताला त्याचा षड्ज-पंचम दिला आहे. पियानोने ज्याची नक्कल केली ते वाद्य जवळजवळ दोनशे वर्षांनी स्वतः येऊन उभं राहतं. हे नवीन की जुनं, मला ठरवता येत नाही. ऐकताना ठरवावंसंही वाटलं नाही.

साउंडचेक

एक तोडगा सुचतो. लूपमध्ये हिसके भरूच नका, आधार भरा. कुत्र्याखाली वेगळा पिकअप, सुरावटीला वेगळा. आधार पेडल सांभाळेल, मनगट ताल सांभाळेल आणि डोळे पायांवर राहतील. त्या मुलाला फार तर एक जास्तीची केबल लागेल.

जोडतार

आधार लूपमध्ये? इलेक्ट्रॉनिक तंबोरा मी रियाजाला लावते, पण मैफलीत नाही. लूपमधला षड्ज चार आवर्तनांनी तोच परत येतो. चाकावरचा षड्ज राळ, कापूस, हवा यांनी दर फेऱ्याला हलतो, आणि गंधाराची खुंटी त्या हलणाऱ्या षड्जाशी जुळवलेली असते. मध्येच तार उतरली तर?

दऱ्याखोऱ्या

दमट हवेत तार उतरतेच, अर्ध्या तासात. तेव्हा आधार पुन्हा भरावा लागेल आणि तेवढा वेळ नाच थांबेल. तरी साउंडचेकचा तोडगा करून बघण्यासारखा आहे. तो मुलगा शनिवारी आमच्या वर्गात येणार आहे. आधार पेडलवर, ताल मनगटावर ठेवून तीन मात्रांची एक बुरे वाजव म्हणतो, आणि वर्गातल्या दोन आज्यांना नाचायला उभं करतो.