मदत हवी आहे: ओपन सोर्स ॲपमधला भारताचा नकाशा सगळ्यांसाठी बदलू का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, सांगलीतून लिहितोय. शाळेतल्या पोरांसाठी नकाशा भरायचं एक ॲप केलंय, पूर्ण ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला), जाहिराती वगैरे काही नाही, राज्याचं नाव बोटानं ओढून जागेवर ठेवायचं एवढंच. डेटा नॅचरल अर्थ ह्या जगाच्या नकाशांच्या फुकट संग्रहाचा घेतला, कारण तो पब्लिक डोमेनमध्ये आहे आणि १:५ कोटीची फाइल साध्या मोबाइलवर पण पटकन उघडते.

माझी बहीण तासगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे. तिनं मागच्या महिन्यात पाचवीला ते दाखवलं तर एक पोरगी भिंतीवरच्या नकाशाकडं बोट करून म्हणाली, "बाई, ह्यात वरचं डोकं कापलंय." बघितलं तर खरंच. मूळ फाइलीत जिथं ज्याचा प्रत्यक्ष ताबा तिथं त्याची हद्द असं धोरण आहे, म्हणजे काश्मीर ताबारेषेपाशी तुटतं आणि अक्साई चीन पलीकडं जातं. आपल्याकडं सर्व्हे ऑफ इंडियाच्या, म्हणजे सरकारी नकाशा खात्याच्या, नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला तर १९६१ च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. बहिणीची नोकरी डोळ्यासमोर आली, रात्रभर झोप नाही लागली.

नॅचरल अर्थवाले त्या त्या देशाच्या दाव्याप्रमाणं हद्द दाखवणाऱ्या देशवार फाइली पण देतात, म्हणून घाईनं भारताची टाकली. दोन दिवसात नेपाळमधल्या एकाचा इश्यू (तक्रार) आला की सीमेवरचं कालापानी, लिपुलेख तुम्ही भारतात दाखवलंय, आमच्या सरकारच्या २०२० च्या नकाशात ते नेपाळात आहे, आमच्या मुलांनी काय शिकायचं? आणि जर्मनीतला एक जण, जो भाषांतराचं निम्मं काम एकटा ओढतो, तो म्हणतो एका देशाच्या कायद्यापायी जगभरचा नकाशा बदलू नको, आज भारताचं ऐकलं की उद्या चीनचं ऐकावं लागेल.

मला दोघांचंही पटतं, तिथंच अडलंय. कायद्याच्या भीतीनं प्रोग्रॅममधून काही गाळू नये असं मला मनापासून वाटतं, आणि ‘अमुक देशातल्यांनी वापरू नका’ असं लायसन्समध्ये पण घालता येत नाही, ओपन सोर्सच्या व्याख्येतच माणसांत भेदभाव नको असं कलम आहे. पण लिहिणारा मी, वाटणारा पण मीच आणि राहतो विश्रामबागेत. फोनच्या भाषेवरून नकाशा ठरवावा म्हटलं तर नेपाळी सिक्कीम-दार्जिलिंगला पण बोलतात. काय करू सांगा.

मिरजवाला:
दादा, हे जुनं दुखणं आहे. अमेरिकेत पूर्वी भक्कम एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करायचं तंत्र) बाहेर पाठवायला हत्यारासारखी बंधनं होती, तेव्हा डेबियन ह्या लिनक्सच्या प्रकल्पानं एन्क्रिप्शनची पॅकेजं ‘नॉन-यूएस’ नावानं वेगळी काढून अमेरिकेबाहेरच्या सर्व्हरवर ठेवली, २००० साली नियम सैल झाल्यावर ती मुख्य संग्रहात आली. फेडोरा ह्या दुसऱ्या लिनक्समध्ये पेटंटमुळं कित्येक वर्षं एमपी३ नव्हतं, लोक आरपीएम फ्युजन ह्या बाहेरच्या संग्रहावरून घालायचे. मूळ प्रोग्रॅम सगळ्यांना तोच, अडचणीचा तुकडा तेवढा बाहेर. तुम्ही पण नकाशा कोडपासून तोडा, कुठलीही जिओजेसन (नकाशाच्या डेटाची) फाइल उघडता येईल असं करा, तुमच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) फक्त भारताची ठेवा, बाकीच्यांनी आपापली नॅचरल अर्थवरून आणायची.

कृष्णाकाठ:
हे पटलं, आज रात्रीच फाइल निवडायचं बटण करायला घेतो. फक्त नेपाळमधल्या पोरानं पहिल्यांदा ॲप उघडलं तर त्याला आपलाच नकाशा दिसणार, ते मला बरं वाटत नाही, म्हणून सुरुवातीला कुठलाच नकाशा न दाखवता आधी विचारावं म्हणतोय. आता एकच सांगा, जुनी फाइल गिटच्या हिस्टरीत, म्हणजे कोडच्या जुन्या बदलांच्या नोंदीत, तशीच आहे आणि रेपो पब्लिक आहे. फिल्टर-रेपो ह्या हिस्टरी साफ करायच्या साधनानं काढली तर बदलांचे सगळे हॅश (ओळख-क्रमांक) बदलणार आणि सात जणांचे फोर्क (स्वतःच्या प्रती) आहेत, त्यांचं काम अडकेल. कुणी हे केलंय का आधी?