पार्टीसाठी चीज पफ करायचेत, उन्हात बटर सुटायलंय, मदत करा

लातूरची_सून

नमस्कार सगळ्यांना. पुढच्या रविवारी सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे, घरीच गच्चीवर करायलोत, सगळे मिळून ४० जण होतील. जेवणाला आचारी सांगितलाय त्याचं टेन्शन नाही, पण लोक ६ वाजता येतात आणि पानं वाढायला ९ होतात, तर मधल्या वेळात गरम काहीतरी पाहिजे, उभ्या उभ्या हातात धरून खाता येईल असं. पुण्याहून नणंदेची मुलं येणारेत, त्यांनी फोनवरच चीज पफ मागितलेत आणि मी हो म्हणून बसले.

काल दुपारी ट्रायल घेतली. मैदा मळला, मधे बटर ठेवून घड्या घातल्या, पण दुसऱ्या घडीलाच बटर पीठ फाडून बाहेर यायला लागलं, सगळं पोळपाटाला चिकटलं. तरी तसंच भाजलं तर ट्रेमधे तुपाचं तळं झालं, पफ फुगलेच नाहीत, मधे पीठ कच्चं, आणि चीज बाहेर येऊन ट्रेला जळलं. अर्धा किलो बटर वाया गेलं, लै वाईट वाटलं.

माझ्याकडे २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे. सासरे माळकरी आहेत त्यामुळे अंडं अजिबात नको. आणि चीजमधे प्राण्याचं काहीतरी घालतात असं जाऊबाईंनी वाचलंय, ते खरं आहे का? त्यांच्या ताटात चुकूनही तसलं काही जायला नको मला.

गोदाकाठची (नांदेड)

ताई, चूक तुमच्या हाताची नाही, वेळेची आहे. बटर ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं, आणि आपल्याकडं या दिवसात दुपारी स्वयंपाकघरच त्याच्या वर असतंय, मग ते थरात राहणार कसं? चिरोटे आठवा, साटा पातळ झाला की पदर सुटत नाहीत, सगळे एकमेकांत मुरतात, तसंच आहे हे. पफचे पदर फुगतात ते वाफेनं, ओव्हनमधे गेल्यावर पिठातल्या आणि बटरमधल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक पदर उचलते, मधली चरबी पदरांना चिकटू देत नाही. ती आधीच पिठात मुरली तर वाफ उचलणार काय?

घरीच करायचं असेल तर पहाटे ५ ला उठून करा, फरशी गार असते तेव्हा. मैदा पण फ्रीजमधे ठेवायचा, पाणी बर्फाचं घ्यायचं, आणि प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रीजमधे. पण ४० माणसांचं एकटीनं हे नका करू, खरंच सांगते.

खारीवाला_परभणी

आमची दोन पिढ्यांची बेकरी आहे म्हणून सांगतो. पीठ विकत घ्या. तुमच्या भागात जो खारी आणि पॅटिस स्वतः बनवतो त्याच्याकडं जा आणि पॅटिसचं कच्चं पीठ लाटून द्या म्हणा, खारी काय नि पॅटिस काय, जात एकच, पदराचंच पीठ. आदल्या दिवशी सांगितलं तर बहुतेक जण देतात. बेकरीचं मार्जरीन बटरपेक्षा उशिरा वितळतं त्यामुळे उन्हाळ्यात सांभाळायला सोपं, चवीला बटर भारी हे मात्र मान्य.

आता हिशोब. माणशी ३ धरले तर १२० नग. पफचे चौकोन भरत बसलात तर रात्र होईल, त्यापेक्षा रोल करा. १ किलो पिठाच्या २५ सेंटीमीटरच्या ५ पोळ्या होतात, ३ मिलीमीटर जाड. पोळीवर किसलेलं चीज पसरा, घट्ट गुंडाळा, प्लास्टिकमधे बांधून फ्रीजरला टाका. तासाभरानं कडक झाला की धारदार सुरीनं सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या, एका रोलच्या २४ तर निघतातच. सुरी बोथट असली की कडा दाबल्या जातात आणि पदर उघडत नाहीत. या चकत्या परत फ्रीजरला ठेवायच्या, आठवडाभर काही होत नाही, आणि भाजताना वितळू द्यायच्या नाहीत, थेट फ्रीजरमधून ओव्हनमधे.

ओटीजी २०० डिग्रीला १५ मिनिटं आधी तापवा, दोन्ही रॉड चालू. २० ते २५ मिनिटं लागतील. पहिली १२ मिनिटं दार उघडायचं नाही म्हणजे नाही, वाफ गेली की बसलेला पफ परत उठत नाही. वरून अंड्याऐवजी दुधात थोडी साय फेटून लावा, पण कडेला ओघळू देऊ नका, कडा चिकटतात.

चीजचं म्हणाल तर एकटं मोझरेला नको. त्यात पाणी जास्त, ते वितळून वाहतं आणि खालचं पीठ ओलं राहतं, तुमचं कच्चं राहिलं त्यात याचाही हात असेल. क्यूबमधलं प्रोसेस्ड चीज जागेवर राहतं कारण त्यात ते बांधून ठेवणारे क्षार असतात. दोन वाटी प्रोसेस्डला एक वाटी मोझरेला घ्या, तार पण येते आणि वाहत पण नाही. पनीर घालू नका असं नाही, पण ते वितळत नाही हे लक्षात ठेवा, दूध आंबट घालून फाडलेलं असतं ते, भाजलं तरी पनीरच राहतं.

बालाघाटची_लेक

ताई रोलमधे हिरव्या मिरचीचा ठेचा लावा चीजखाली, पातळ हात. तेल निथळून घ्या आधी. आमच्या घरी पुण्याचे पाहुणे आले की हेच संपतं पहिल्यांदा. सासरेबुवा लसूण खात नसतील तर त्यांच्या एका रोलला ठेच्याऐवजी तीळ आणि मिरपूड लावा, नि त्याचा डबा वेगळा ठेवा.

आणि एक पर्याय सांगते ज्याला पदरच लागत नाहीत. ज्वारीच्या चीज काड्या. दीडशे ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम ज्वारीचं पीठ, १०० ग्रॅम गार बटर, १०० ग्रॅम किसलेलं प्रोसेस्ड चीज, लाल तिखट, ओवा, भाजून भरडलेलं कारळ. बटर बोटांनी पिठात चोळायचं रव्यासारखं होईपर्यंत, दोन तीन चमचे गार पाण्यानं गोळा बांधायचा, मळायचं नाही. लाटून काड्या कापून १८० ला १५ मिनिटं. ज्वारीमुळे खुसखुशीत होतात नि वास असा येतो की बस. गार खायच्या असतात म्हणून दोन दिवस आधी करून डब्यात भरल्या की त्या दिवशी ओव्हन मोकळा. जास्त ज्वारी घालायचा मोह करू नका, तिच्यात चिकटपणा नसतो, काड्या उचलतानाच मोडतात.

मास्तर_अंबाजोगाई

चीजबद्दल. जाऊबाईंनी वाचलं ते खरं आहे पण सगळ्या चीजला लागू नाही. दूध जमवायला रेनेट घालतात, जुन्या पद्धतीत ते वासराच्या जठरातून काढतात. इटलीचं अस्सल परमेजान आजही तसंच बनतं, त्यामुळे ते माळकऱ्यांना चालणार नाही. पण सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेटही असतं, आपल्याकडं रोज मिळणारं चीज त्यावर होतं. पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या, विषय मिटला. बाबांना आधी सांगूनच वाढा म्हणजे त्यांच्याही मनात काही राहणार नाही.

लातूरची_सून

किती मनापासून सांगितलंत सगळ्यांनी. रोल आणि ज्वारीच्या काड्या दोन्ही करते, घडीचा पफ रद्द. हिरवा ठिपका आत्ताच बघितला, आहे, बाबांना पण दाखवला.

आता एकच भीती आहे. ओटीजीच्या एका ट्रेत २० चकत्या बसतात म्हणजे ६ घाणे, तापायचा वेळ धरून अडीच तास. आणि संध्याकाळी आमच्याकडं लाईटचा काही भरवसा नाही, इन्व्हर्टरवर ओटीजी चालत नाही. मधेच लाईट गेली तर काय करू?

खारीवाला_परभणी

मी बेकरीवाला असून हे आधीच का सुचलं नाही काय की. ताई, दिवाळीत नानकटाई कुठं भाजायचो आपण? डबे नि ट्रे घेऊन भट्टीवरच जायचो ना. ज्याच्याकडून पीठ घेणार त्यालाच विचारा भाजून देतोस का म्हणून. दुपारी पॅटिसचा घाणा निघाला की भट्टी तापलेलीच असते, १२० नग एका खेपेत भाजून होतील. भट्टीची आच मात्र बेकरीवाल्यालाच बघू द्या, तुमचे २५ मिनिटं तिथं चालायचे नाहीत, तिथं रंगावर काढायचं.

आणल्यावर डब्यात झाकू नका, वाफ धरून मऊ पडतील. चाळणीवर किंवा जाळीवर मोकळे ठेवा. पाहुणे आले की ओटीजीत १८० ला ५ मिनिटं, लाईट नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर झाकण न ठेवता. मायक्रोवेव्हमधे बिलकुल नको, चामड्यासारखे होतात.

लातूरची_सून

दादा, आत्ताच जाऊन आले. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतले चाचा हो म्हणाले. शनिवारी सकाळी १ किलो पीठ लाटून देणारेत, रविवारी दुपारी ४ ला ट्रे घेऊन ये म्हणाले, भाजायचे पैसे नगाप्रमाणे. त्यांनी विचारलं चीज कोणतं घालणार, मी दोनास एक सांगितलं तर मान हलवली. घरून गार डब्यात बर्फ घालून चकत्या नेणार आहे म्हणजे वाटेत सुटणार नाहीत.

काड्यांचा अर्धा घाणा आज करून बघितला. ज्वारी बरोबर बसली. सासरे दोन काड्या खाऊन म्हणाले कारळ अजून थोडं चालेल.