पटकथेतील बदल: शेवटचा शब्द कोणाचा?

प्रश्न (म्हापसा): मी आणि माझा मित्र एक लघुपट करीत आहोत, पटकथा माझी, दिग्दर्शन त्याचे. एका प्रसंगात आई मुलाला घर विकल्याचे सांगते. त्याने माझे पानभर संवाद काढून तिला केवळ किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवायला लावले, आणि हे माझ्या जिव्हारी लागले आहे. लेखकाने आग्रह कितपत धरावा?

उत्तर (फोंडा): आपली वेदना मला कळते, परंतु मित्राने आपला आशय वगळलेला नसून तो किल्ल्यांच्या आवाजात ठेवला आहे, आणि तो प्रसंग मुळात आपल्यालाच सुचला होता, हे विसरू नये. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी आणि लेखक गिरीश कुलकर्णी यांनी ‘वळू’पासून ‘देऊळ’पर्यंत (२०११) एकत्र काम केले, ‘देऊळ’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तसा संवादलेखनाचा पुरस्कारही गिरीश यांना मिळाला. दिग्दर्शक खंबीर असला म्हणजे लेखक झाकोळतोच, असे मला मुळीच वाटत नाही. आग्रह धरायचाच असेल, तर शब्दांसाठी नव्हे, पात्राच्या स्वभावासाठी धरावा: ही आई गप्प राहणारी आहे का?

उत्तर (मडगाव): वरील मताशी सहमत आहे. मात्र श्रेयनामावलीत कोणाचे नाव कसे येईल, हे चित्रीकरणापूर्वी लेखी ठरवावे. मैत्रीत हेच राहून जाते.

प्रश्नकर्ता: ती गप्प राहणारीच आहे. आज संध्याकाळी आम्ही दोघे तो प्रसंग पुन्हा मोठ्याने वाचणार आहोत.